दुर्बिणीआधी धार पाहा

लघवीच्या तक्रारीसाठी लहान मुलाच्या मूत्राशयात दुर्बीण घालून पाहण्याचा सल्ला आता जळगाव-धुळ्याकडच्या आईबापांनाही नवा राहिलेला नाही. मूल दिवसातून वीसदा शू करायला पळतं, शाळेतून चड्डी ओली करून येतं, सहा वर्षांचं झालं तरी अंथरूण भिजवतं, किंवा लघवी करताना कळवळतं. पाचोऱ्यासारख्या तालुक्याच्या गावात उपचाराची सुरुवात घरातच होते. उन्हाळी लागली असेल म्हणून धने-जिऱ्याचं पाणी, सब्जा, ताक. आठवड्याभरात उतार पडला तर विषय तिथेच संपतो. नाही पडला तर लघवीची तपासणी, अँटिबायोटिकची एक बाटली, मग दुसरी, मग सोनोग्राफी; आणि कुठल्यातरी टप्प्यावर कोणीतरी सुचवतं की जळगावला किंवा नाशिकला नेऊन एकदा दुर्बिणीतून आत बघून घ्या, म्हणजे मनात शंका नको. माझं म्हणणं असं की यातल्या बहुतेक मुलांना त्या दुर्बिणीची गरज नसते, आणि ज्या थोड्या मुलांना ती खरोखर हवी असते त्यांच्यापर्यंत ती उशिरा पोचते. दोन्ही चुका एकाच जागी उगवतात. मूल लघवी कशी करतं हे कोणी नीट विचारत नाही, आणि पाहत तर नाहीच.

सिस्टोस्कोपी म्हणजे मूत्रमार्गातून बारीक दुर्बीण सरकवून मूत्राशयाचा आतला भाग डोळ्यांनी पाहणं. माक्स निट्झे या जर्मन डॉक्टराने १८७७ साली असं उपकरण पहिल्यांदा दाखवलं, पण ते मोठ्या माणसांच्या मापाचं होतं आणि त्यातून दिसायचंही जेमतेम. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर हॅरल्ड हॉपकिन्स यांनी काचेच्या दांड्यांची नवी भिंगरचना केली, तेव्हा दुर्बीण बारीक करूनही चित्र स्वच्छ राहू लागलं. आज तान्ह्या बाळासाठी अडीच मिलिमीटरच्या आसपास जाडीची दुर्बीण मिळते. हे फार मोठं काम आहे, त्याबद्दल माझ्या मनात आदरच आहे. पण मोठ्या माणसाला बधिर करणारी जेली लावून दहा मिनिटांत जी तपासणी उरकता येते, तिच्यासाठी लहान मुलाला पूर्ण भूल द्यावी लागते. त्याला उपाशी ठेवायचं, रक्ताच्या तपासण्या करायच्या, भूलतज्ज्ञ बोलवायचा. नंतर दोन दिवस जळजळ होते, कधी लघवीतून रक्त जातं, कधी जंतुसंसर्ग होतो. मुलग्याच्या अरुंद मार्गात मोठ्या मापाची दुर्बीण रेटली तर तिथे व्रण धरून मार्ग कायमचा आवळला जाण्याची भीती असते. भुलेचा बागुलबुवा मात्र मला करायचा नाही. तान्हेपणी एकदाच दिलेल्या, तासाभराच्या आतल्या भुलेने मुलाच्या बौद्धिक वाढीवर परिणाम होत नाही, असं अनेक देशांत मिळून झालेल्या एका मोठ्या चाचणीने २०१९ साली दाखवलं आहे. माझा आक्षेप भुलेच्या धोक्यापेक्षा भुलेमुळे काय दिसेनासं होतं यावर आहे.

लहान मुलांच्या लघवीच्या तक्रारी बहुतेक वेळा अवयवाच्या घडणीतल्या नसतात. त्या अवयवाच्या वागण्यातल्या असतात. मूत्राशय भरताना सैल राहायला हवं; रिकामं होताना ते आकसायला हवं आणि त्याच क्षणी खालचा स्नायू ढिला पडायला हवा. हा ताळमेळ मूल दोन ते पाच वर्षांच्या दरम्यान शिकतं, आणि शिकताना चुकतंही. कोणी लघवी धरून ठेवायची सवय लावून घेतं. कोणी घाईत अर्धवट करून उठतं. कोणाचा खालचा स्नायू नेमका लघवीच्या वेळीच आवळला जातो. झोपलेल्या माणसाकडे पाहून तो चालताना लंगडतो का हे जसं सांगता येत नाही, तसं भुलेत निपचित पडलेल्या मुलाचं मूत्राशय पाहून ते जागेपणी कसं वागतं हे कळत नाही. दुर्बीण आकार दाखवते, सवय दाखवू शकत नाही. शिवाय आत पाहिलं की काही ना काही दिसतंच. वारंवार जंतुसंसर्ग झालेल्या मुलीच्या मूत्राशयाच्या अस्तरावर बारीक फोड दिसतात, लघवी धरून ठेवणाऱ्या मुलाच्या भिंतीवर स्नायूंच्या जाड दोऱ्या दिसतात. अहवालात त्यांची नावं येतात, घरचे घाबरतात, आणि उपचार मात्र दुर्बिणीआधी जो करायला हवा होता तोच राहतो.

जे दुर्बिणीत दिसत नाही ते अंगणात दिसतं. चार-पाच वर्षांची मुलगी खेळता खेळता एकाएकी थांबते, खाली बसते, एका पायाची टाच दोन मांड्यांमध्ये घट्ट दाबते, चेहरा स्थिर होतो, नजर कुठेच नसते. अर्ध्या मिनिटाने ती उठते आणि जणू काही झालंच नाही अशी पुन्हा खेळायला लागते. आई म्हणते, हिला बसायची खोडच आहे. ती खोड नसते. मूत्राशय वेळेआधी जोराने आकसलेलं असतं आणि मुलगी टाचेने मार्ग दाबून ती कळ परतवत असते. व्हिन्सेंट नावाच्या डॉक्टरांनी १९६६ साली या बसण्याचं वर्णन वैद्यकीय नियतकालिकात केलं, आणि आजही मुलीच्या चड्डीवरच्या ओल्या डागाचा सगळ्यांत नेमका खुलासा त्या बसण्यात मिळतो. दुसरा नमुना याहून सोपा आहे. चांगलं खेळतं-खातं मूल अचानक दर दहा-पंधरा मिनिटांनी शू मागायला लागतं, थोडीशीच करतं, जळजळ नाही, ताप नाही, आणि रात्री मात्र सलग कोरडं झोपतं. नवी शाळा, घरात आलेलं धाकटं भावंड, आजोबांचा मृत्यू असं काहीतरी मागे असतं, कधी काहीच नसतं. लघवीची साधी तपासणी निर्दोष असेल तर हे काही आठवड्यांत, फार तर काही महिन्यांत आपोआप जातं. रात्री झोपेत उरत नाही ती तक्रार मूत्राशयातल्या खड्याची किंवा गाठीची असण्याची शक्यता फार कमी, एवढं एका प्रश्नावरून कळतं. तो प्रश्न विचारायला एक मिनिट लागतं.

मग पोटाचा प्रश्न. बद्धकोष्ठाचा आणि लघवीचा संबंध आपल्याकडे अजून पुरेसा मनावर घेतला जात नाही. मोठ्या आतड्याचा शेवटचा भाग मूत्राशयाच्या मागेच असतो. तिथे घट्ट मळ साचला की मूत्राशयाला जागा पुरत नाही, ते नीट रिकामं होत नाही, उरलेल्या लघवीत जंतू वाढतात. अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठाच्या व्हेरा लोएनिंग-बाउके यांनी बद्धकोष्ठ असलेल्या २३४ मुलांचा अभ्यास १९९७ साली प्रसिद्ध केला. त्यातल्या २९ टक्के मुलांना दिवसा लघवी सुटण्याचा त्रास होता. फक्त पोट साफ राहील असा उपचार नेटाने केल्यावर ज्यांचं बद्धकोष्ठ गेलं त्यांच्यातल्या ८९ टक्के मुलांचा तो त्रास गेला, रात्री अंथरूण ओलं करणाऱ्यांतले ६३ टक्के कोरडे झाले, आणि ज्यांच्या अवयवांत मुळात दोष नव्हता त्या सगळ्यांचा वारंवार होणारा जंतुसंसर्ग थांबला. हे सगळं दुर्बिणीशिवाय, पोटाच्या औषधावर आणि संडासला वेळेवर बसवण्याच्या शिस्तीवर. चहा-बिस्किटावर सकाळ काढणारं, डब्यात पाकिटबंद कुरकुरीत खाणारं आणि शाळेत पाणी न पिणारं मूल आता पाचोऱ्यातही घरोघर आहे. त्याच्या आईला लघवीबद्दल दहा प्रश्न विचारले जातात. 'शी कशी होते, किती दिवसांनी होते, दुखते का' हे विचारलं जातंच असं नाही.

दुर्बिणीवर आंधळा भरवसा ठेवला की काय होतं याचा पुरावा वैद्यकाच्या इतिहासात आहे. १९६३ साली लायन आणि स्मिथ या अमेरिकी युरॉलॉजिस्टांनी असं मांडलं की मुलींना वारंवार जंतुसंसर्ग होतो तो मूत्रमार्गाच्या टोकाशी असलेल्या अरुंद कड्यामुळे. कल्पना पटण्यासारखी होती आणि उपाय हाताशी होता: भूल द्या, दुर्बिणीने पाहा, सळई घालून मार्ग रुंद करा. पुढची कित्येक वर्षं असंख्य मुलींवर हे केलं गेलं, काहींवर पुन्हा पुन्हा. नंतर निरोगी मुलींचीही मापं घेतली गेली तेव्हा दिसलं की संसर्ग होणाऱ्या मुलींचा मार्ग इतरांपेक्षा अरुंद नव्हताच. ज्या मुली बऱ्या झाल्या त्या सोबतच्या औषधाने, वाढत्या वयाने किंवा नुसत्या काळाने बऱ्या झाल्या होत्या. १९६९ साली मूत्रवाहिनीच्या तोंडाचा आकार दुर्बिणीतून पाहून लघवी उलटी किडनीकडे जाते का याचा अंदाज बांधायची पद्धत आली; तीही पुढे मागे पडली, कारण तो निर्णय आकारापेक्षा क्ष-किरण चित्रावर आणि मुलाच्या प्रत्यक्ष प्रकृतीवर जास्त भरवशाने घेता येतो. आत डोकावणाऱ्या डॉक्टरांच्या हेतूबद्दल शंका घ्यायचं कारण नाही. फक्त निरोगी मुलांच्या मूत्राशयात काय दिसतं हे कोणालाच माहीत नव्हतं, कारण निरोगी मुलाला भूल देऊन कोण पाहणार? तुलना करायला काही नसलं की दिसेल ते आजारी वाटतं.

आजही बरेचदा मोठ्यांचा नियम लहानांना लावला जातो. साठीच्या माणसाच्या लघवीत रक्त आलं तर मूत्राशयाच्या कर्करोगाच्या शंकेने दुर्बीण हवीच. मुलांमध्ये तो कर्करोग अत्यंत विरळ. मुलाच्या लघवीत रक्त आलं तर कारण बहुधा वरच्या बाजूला सापडतं: घसा किंवा त्वचेच्या संसर्गानंतर आलेली किडनीची सूज, लघवीतून जास्त जाणारं कॅल्शियम, मुतखडा, किंवा साधा संसर्ग. लघवी चहाच्या रंगाची आहे की लालभडक, चेहऱ्यावर सूज आहे का, रक्तदाब किती, लघवीत प्रथिनं आहेत का, यावरून दिशा ठरते. आपल्या तालुक्यांत आणि जिल्ह्यातही मुलांना पाहणारे युरॉलॉजिस्ट मुख्यतः मोठ्यांचे मुतखडे आणि प्रोस्टेट यांचं काम करतात. ते काम ते उत्तम करतात. पण त्यांच्या हाताला लागलेली सवय आणि त्यांच्या कपाटातली दुर्बीण, दोन्ही मोठ्यांच्या मापाची असते.

खानदेशाचा म्हणून एक वेगळा मुद्दा आहे, आणि तो लघवीच्या नमुन्याचा. अनावश्यक तपासण्यांची साखळी पुष्कळदा एका चुकीच्या अहवालापासून सुरू होते. लहान बाळाला चिकटवायच्या पिशवीत लघवी गोळा केली तर त्वचेवरचे जंतू तिच्यात येतात. त्या पिशवीच्या कल्चर अहवालात जंतू दिसले तर तो संसर्गाचा पुरावा धरू नये, हे मार्गदर्शक सूचनांत सांगितलेलं आहे. नमुना तासाभरात प्रयोगशाळेत लावायला हवा, नाहीतर फ्रीजमध्ये ठेवायला हवा. आता मे महिन्यातलं पाचोरा डोळ्यांसमोर आणा. पारा ४४-४५ अंशांवर, डबी दुपारी गोळा झालेली, कोणाच्या तरी मोटरसायकलच्या डिकीतून किंवा गाडीने जळगावला निघालेली. पोचेपर्यंत डबीतल्या थोड्याशा जंतूंची संख्या कित्येक पट झालेली असते. अहवालावर 'संसर्ग' असा शिक्का बसतो. महिन्याभरात पुन्हा तसाच नमुना, पुन्हा तोच शिक्का, आणि मग 'वारंवार संसर्ग होतोय, आत काहीतरी दोष असेल' असं म्हणून मूल दुर्बिणीच्या टेबलापर्यंत जातं. मांडी-जांघ स्वच्छ धुऊन, धारेच्या मधल्या भागातली लघवी झाकणबंद डबीत घेऊन, ती बर्फाच्या डब्यातून पाठवली असती तर ही साखळी पहिल्याच कडीला तुटली असती.

आता दुसरी बाजू, आणि ती इतकी गंभीर आहे की तिच्याशिवाय वरचं सगळं लिहिणं बेजबाबदारपणाचं ठरेल. काही मुलग्यांच्या मूत्रमार्गात जन्मतःच पातळ पडद्याची झडप असते. ह्यू हॅम्प्टन यंग यांनी १९१९ साली तिचं सविस्तर वर्णन केलं. पाच ते आठ हजार मुलग्यांमागे एकाला ती असते. जळगाव जिल्ह्याची लोकसंख्या आणि जन्मदर धरून ढोबळ हिशेब केला तर या एका जिल्ह्यात वर्षाला चार ते सात अशी बाळं जन्मत असावीत. झडपेमुळे लघवी अडते, मूत्राशयाची भिंत जाड होते, दाब मागे किडनीवर जातो. वेळेवर इलाज होऊनही यांतल्या पाचातल्या एकाला, कदाचित त्याहून जास्त मुलांना, पुढे किडनी निकामी होण्याला तोंड द्यावं लागतं; वेळ गेली तर विचारायलाच नको. इथे दुर्बीण जीव वाचवते. लघवी होत असताना घेतलेल्या क्ष-किरण चित्रात झडपेचा अंदाज येतो, दुर्बिणीत ती प्रत्यक्ष दिसते आणि त्याच भुलेत कापताही येते. मूत्राशयात लोंबणारी मूत्रवाहिनीची फुगी, मूत्रमार्गात अडकलेला खडा, गाठीची शंका, नेहमीसारखी लघवी करूनही चोवीस तास ठिबकत राहणारी मुलगी, जिची एक मूत्रवाहिनी भलत्याच जागी उघडत असण्याचा संभव असतो, या ठिकाणीही दुर्बिणीला पर्याय नाही किंवा तिची मोठी मदत होते. या मुलांच्या बाबतीत 'वाढेल तसं सुधारेल' हा सल्ला घातक आहे.

आणि या मुलांना शोधायचं साधन कोणतं? पुन्हा तेच. मुलग्याची धार. निरोगी मुलगा उभा राहून शू करतो तेव्हा धार कमानीसारखी लांब जाते, थांबत नाही, संपताना एकदम संपते. झडप असलेल्या मुलाची धार पायाशीच पडते, तुटक होते, पोटाला जोर लावावा लागतो, संपली म्हणावं तर थेंब थेंब चालूच राहतं, आणि लघवी झाल्यावरही ओटीपोटात हाताला गोळा लागतो. हे पाहायला यंत्र लागत नाही. आज प्रत्येक घरात मोबाइल आहे. आईने घरीच अर्ध्या मिनिटाचं चित्रीकरण करून ते फक्त डॉक्टरला दाखवलं तरी पुरे. सोबत कमरेवर केसांचा झुपका किंवा खळगा आहे का, पायांत काही फरक आहे का एवढं पाहिलं की मज्जारज्जूच्या दोषाचाही विचार होतो. ज्या एका प्रश्नाने शंभर मुलं अनावश्यक दुर्बिणीतून वाचतात, त्याच प्रश्नाने एक मूल वेळेवर दुर्बिणीपर्यंत पोचतं. म्हणून मी जास्त वापर आणि उशीर यांना दोन वेगळे प्रश्न मानत नाही.

सरकारी यंत्रणेत मात्र हा प्रश्न कुठेच बसवलेला नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्याच राज्यात, पालघरला झाली. अंगणवाड्यांत आणि शाळांत पथकं जातात, जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांचे तीस आजार तपासतात. दुभंगलेला ओठ आहे, वाकडा पाय आहे, जन्मजात हृदयदोष आहे, दातांची कीड आहे. मूत्रमार्गाचा किंवा किडनीचा एकही जन्मजात दोष त्या मूळ यादीत नाही. गर्भावस्थेतली सोनोग्राफी बाळाच्या दोन्ही किडन्या फुगलेल्या दाखवू शकते, आणि तिथे एक अडचण गर्भलिंग सांगायला बंदी करणाऱ्या कायद्याच्या कडेला येऊन थांबते. झडपेचा आजार मुलग्यांनाच होतो. त्याचं नाव अहवालात लिहिलं की गर्भाचं लिंग सांगितल्यासारखं होतं. २०११च्या जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या मुलींचं प्रमाण राज्यात ज्या जिल्ह्यांत सगळ्यांत कमी होतं त्यांत जळगाव होतं, त्यामुळे इथे तो कायदा कडक हवाच, त्यात सूट मागण्याचा प्रश्न नाही. पण आजाराचं नाव न घेताही 'जन्मल्यावर पहिल्या दोन दिवसांत लघवीची धार पाहा, सोनोग्राफी करा आणि बालशल्यचिकित्सकाला दाखवा' एवढं ठळक लिहिता येतं. ते प्रसूतीच्या कागदांत राहावं आणि बाळाच्या कार्डावर उतरावं.

माझ्या म्हणण्यावर पहिला आक्षेप अंतराचा येईल, आणि तो खरा आहे. पाचोऱ्याहून मुंबईचं वाडिया बालरुग्णालय साडेतीनशे किलोमीटरहून लांब. कापसाच्या वेचणीत बापाची मजुरी बुडते, आईबरोबर दुसरं लहान मूल असतं. अशा घराला चार खेपा घालायला लावण्यापेक्षा एकाच खेपेत सगळं बघून टाकावं, असं डॉक्टरला वाटतं ते माणुसकीनेच. पण पहिल्या पाच पायऱ्यांसाठी पाचोरा सोडावंच लागत नाही. नीट घेतलेला लघवीचा नमुना, लघवीच्या आधी आणि नंतर केलेली सोनोग्राफी, रक्तातलं क्रिएटिनिन, पोटाचा इलाज आणि दोन दिवसांची लघवीची नोंद एवढं तालुक्यात होतं. त्यानंतरही लांब जायची वेळ आली तर ती खेप नेमकी होते: जिथे लहान मापाची दुर्बीण आहे, मुलांना भूल देणारा भूलतज्ज्ञ आहे, आणि झडप सापडली तर त्याच वेळी कापणारा हात आहे, अशाच ठिकाणी. आधी नुसतं पाहण्यासाठी एक भूल आणि मग इलाजासाठी दुसऱ्या शहरात दुसरी भूल, ही खेप सर्वांत महाग पडते. झडपेची दाट शंका असलेल्या तान्ह्या बाळाची गोष्ट वेगळी. त्याला रवाना करण्याआधी मूत्राशयात बारीक फीडिंग ट्यूब सरकवून लघवीला वाट काढून द्यायची, क्षार आणि पाणी सांभाळायचं. हे ग्रामीण रुग्णालयात किंवा जळगावच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात करता येतं, आणि ते केल्यावर प्रवासाचे तास किडनीला तितके जड जात नाहीत.

दुसरा आक्षेप युरॉलॉजिस्टांचा: सोनोग्राफी आणि क्ष-किरण चित्र दोन्ही स्वच्छ असूनही औषधांना दाद न देणाऱ्या काही मुलग्यांत दुर्बिणीखाली सौम्य झडप सापडते, ती हुकली तर जबाबदार कोण? हा आक्षेप मी निम्मा मान्य करतो. पोट साफ आहे, वेळेवर लघवी करण्याचं वळण सहा महिने पाळलं आहे, औषध दिलं आहे, तरीही मुलगा दिवसा भिजतो किंवा धार कमजोर आहे, तर त्याला दुर्बीण लावावी, आणि मुलग्यांच्या बाबतीत ही पायरी मुलींपेक्षा लवकर यावी. पण हा युक्तिवाद दुर्बीण शेवटी ठेवण्याच्या बाजूनेच जातो. जे आधीचे सगळे उपाय करून उरले त्यांच्यातच सापडण्याची शक्यता वाढते. सगळ्यांनाच लावली तर सापडणं कमी आणि भलतं दिसणं जास्त. कोणी असंही म्हणेल की नळी घालून, जागेपणी काढलेलं ते क्ष-किरण चित्रच मुलाला जास्त भेडसावतं, त्यापेक्षा भुलेतली दुर्बीण दयाळू. नळीचा त्रास खराच आहे. म्हणूनच तीही सरसकट करायची तपासणी नाही. पण मूल लघवी करत असतानाचं चित्र तिच्यातच मिळतं, आणि आपल्याला हवं असतं ते तेच.

राहिला आक्षेप नोंदवहीचा: कापूस वेचणारी बाई दोन दिवस लघवी मोजून लिहिणार कशी? मला हा आक्षेप त्या बाईवर अन्याय करणारा वाटतो. मूल किती वेळा भिजलं हे तिच्याइतकं कोणाला माहीत नसतं. तिला मापाचा एक प्लास्टिकचा पेला आणि रकाने आखलेला एक कागद द्यावा लागतो, आणि आशाताईंनी एकदा समजावून सांगावं लागतं. मुलाच्या वयात एक मिळवून त्याला तीसने गुणलं की मूत्राशयात साधारण किती मिलिलिटर मावायला हवी ते येतं. पाच वर्षांच्या मुलाला सुमारे १८० मिलिलिटर. नोंदीत प्रत्येक वेळी ४० दिसले तर मूत्राशय घाई करतंय. दिवसात दोनदाच आणि ३५० दिसले तर मूल धरून ठेवतंय. रात्रीच्या ओल्या अंथरुणाबाबत तर आईला आकडाच सांगायला हवा: पाचव्या वर्षी शंभरातली पंधराएक मुलं अंथरूण ओलं करतात आणि दर वर्षी त्यांतली साधारण १५ टक्के आपसूक बरी होतात. दिवसा काहीच त्रास नसलेल्या अशा मुलाला लघवीच्या एका तपासणीपलीकडे काही लागत नाही. मार तर मुळीच लागत नाही.

अडचण अशी की या कामाला कोणी पैसे देत नाही. राजीव गांधी जीवनदायी योजना जुलै २०१२ मध्ये ज्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली त्यांत धुळे होतं. पुढे ती राज्यभर पसरली आणि २०१७ पासून महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने चालते. गरिबांना तिने फार मोठा आधार दिला आहे. पण योजना ठरलेल्या शस्त्रक्रियांच्या आणि उपचारांच्या पॅकेजवर चालते. त्यासाठी दाखल व्हावं लागतं. अर्धा तास बसून आईशी बोलणं, नोंदीचा कागद वाचणं, मुलाला शिस्तीने बसायला शिकवणं, महिन्याने पुन्हा पाहणं याचं पॅकेज नाही. खासगी दवाखान्यातही बोलण्याची फी लोकांना जड वाटते आणि यंत्राची हलकी. 'नुसतं विचारलंन् पाठवून दिलं' अशी तक्रार होते, दुर्बिणीचं रंगीत चित्र असलेला कागद मात्र जपून ठेवला जातो. मुलांच्या लघवीच्या तक्रारींसाठी जिल्हा पातळीवर आठवड्यातून एक ठरलेली बाह्यरुग्ण वेळ आणि तिथे या कामात तयार केलेली एक परिचारिका, एवढी मागणी जळगाव आणि धुळे दोन्ही शासकीय महाविद्यालयांकडे करणं अवाजवी नाही. खर्च एका चांगल्या बालदुर्बिणीपेक्षा कमीच येईल.

शाळेकडेही बोट जातंच. शिक्षण हक्क कायद्याने मुलामुलींसाठी वेगळी स्वच्छतागृहं बंधनकारक केली, पण उन्हाळ्यात टाकी कोरडी पडली की कुलूप लागतं. मुली सकाळपासून पाणीच पीत नाहीत, म्हणजे जावं लागायला नको. तासाला परवानगी मागितली तर 'मधल्या सुट्टीत' हे उत्तर मिळतं. केरळातल्या शाळांनी २०१९ साली पाणी पिण्याची घंटा सुरू केली होती. मुतखड्याच्या आणि उष्म्याच्या या पट्ट्यात त्या घंटेबरोबर लघवीचीही सुट्टी हवी, कारण पाणी प्यायला लावून दार बंद ठेवलं तर मूल धरून ठेवायलाच शिकेल.

ज्या मुलाची झडप दुर्बिणीने कापली गेली त्याच्या घरच्यांना बहुधा असं वाटतं की आजार संपला. धार सुधारते, मूल खेळायला लागतं, फाइल माळ्यावर जाते. पण जन्माआधीपासून दाब सोसलेलं मूत्राशय झडप गेल्यावरही कित्येक वर्षं ताठर राहतं, आणि किडनीचं नुकसान हळूहळू, विशेषतः वयात येताना, उघड होतं. या मुलाचा रक्तदाब, क्रिएटिनिन, लघवीतली प्रथिनं आणि लघवीनंतर उरणारं प्रमाण ठरावीक महिन्यांनी पाहत राहावं लागतं, तो मोठा होईपर्यंत आणि नंतरही. त्यासाठी दर वेळी मुंबई गाठायची गरज नाही. शस्त्रक्रिया करणाऱ्या रुग्णालयाने मराठीत एक पानाची चिठ्ठी द्यावी: काय सापडलं, काय कापलं, कोणत्या तपासण्या किती महिन्यांनी, आणि कोणता आकडा कुठल्या मर्यादेपलीकडे गेला तर ताबडतोब परत यायचं. ती चिठ्ठी पाचोऱ्याच्या ग्रामीण रुग्णालयात आणि मुलाच्या शाळेच्या आरोग्यपत्रकात लावली, तर पुढची पंधरा वर्षं त्याची देखरेख गावातूनच होऊ शकते.